रूथ भाकरीच खाते

आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात माझी कादंबरी 'धर्म आणि अध्यात्म' असं लिहिलेल्या कपाटात ठेवली आहे. वरच्या खणात व्रतकथा, खालच्या खणात योगासनं आणि मधल्या खणात, प्रवचनांच्या दोन जाड खंडांना टेकून, माझी रूथ. ही रूथ मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या नवऱ्याचं द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान आहे आणि ते उधारीपायी बुडत चाललंय. सासूशी तिचं पटत नाही. पगाराचं पासबुक ती ज्वारीच्या डब्यात लपवते. सबंध पुस्तकात बायबल येतं ते सासू उशाशी घेऊन झोपते तेवढ्यापुरतं. मी काउंटरवर विचारलं, तर तिथले गृहस्थ म्हणाले, "बाई, नाव रूथ आहे ना, म्हणून तिकडं लावलंय." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण वारीला निघालेल्या माणसावरची कादंबरी त्याच वाचनालयात कादंबऱ्यांच्या कपाटात आहे, आणि ती तिथंच असायला हवी.

तक्रार बारीक आहे. तरी ती मी मांडणार आहे, कारण चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक वाचकाच्या हाती लागत नाही. कादंबरी शोधणारी बाई धर्माच्या कपाटाकडे वळत नाही. धर्माच्या कपाटाशी उभ्या असलेल्या आजोबांना रूथच्या पासबुकाशी काही कर्तव्य नसतं. वर्ष उलटतं आणि पुस्तकातल्या तारखांच्या चिठ्ठीवर एक शिक्का उमटत नाही. मग साठा तपासताना तेच गृहस्थ म्हणतात, "तुमचं पुस्तक कोणी नेत नाही हो." अशा बारीकसारीक गोष्टींनीच आमच्याकडचं, मराठी ख्रिस्तींचं, लिहिणं थकत जातं. मोठ्या अन्यायावर बोलायला लोक असतात. या गोष्टींवर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

मराठी कादंबरीचा इतिहास उघडला की पहिल्याच पानावर बाबा पदमनजी भेटतात. बेळगावात 1831 मध्ये जन्म, 1854 मध्ये बाप्तिस्मा आणि 1857 मध्ये 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून अभ्यासक तिचंच नाव घेतात. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकते, पुढं स्वतःच विधवा होते, आणि शेवटी धर्मांतर व पुनर्विवाह येतो. हा शेवट लेखकानं निघतानाच ठरवला होता हे वाचताना लपत नाही. मला तो शेवट पुस्तकातला सगळ्यात दुबळा भाग वाटतो. पण मधल्या पानांतल्या त्या बायका खऱ्या आहेत. त्यांच्या डोक्यावरून फिरलेला वस्तरा, त्यांना मिळणारं उरलंसुरलं अन्न, घरातल्याच माणसांनी केलेला घात, हे सगळं पदमनजींनी जवळून पाहिल्याशिवाय लिहिलेलं नाही. त्याच्याही आधी, 1841 मध्ये, हरि केशवजींनी जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चं 'यात्रिक क्रमण' केलं होतं. म्हणजे छापील मराठीत लांबलचक कल्पित गोष्ट वाचायची सवय लावण्यात अशा ख्रिस्ती पुस्तकांचा हात आहे. 'पहिली मराठी कादंबरी कोणती' हा एका मार्काचा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांना हमखास येतो. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. उत्तर सगळ्यांना पाठ असतं आणि पुस्तक कोणी उघडलेलं नसतं. शिक्षकांनीही नाही. मला याचा राग येतो आणि तो वयानं कमी झालेला नाही.

माझं माहेर सातारा. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून मोकळे झाले, 'देवाचा दरबार' नावाची त्यांची कल्पना त्यांनी मांडली, आणि शेवटच्या काळात त्यांचं बिऱ्हाड सातारला होतं. 1919 मध्ये मुंबईत ते गेले. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत ते सगळ्यांनी वाचलेले असतात. तरीही सातारच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांचं नाव काढलं की कोणीतरी विचारतंच, "म्हणजे लोकमान्यांचे कोण?" मी दरवेळी सांगते. दरवेळी समोरचा माणूस जरासा निराश होतो.

त्याहून त्रासाची गोष्ट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत घडते, आणि ती सांगताना मला जपून बोलावं लागतं, कारण 'स्मृतिचित्रे' मी मनापासून मानते. 1934 ते 1936 या काळात आलेलं हे पुस्तक मराठी गद्यातलं उंच शिखर आहे. पण माझी ओळख करून देणारा प्रत्येक सूत्रसंचालक मला लक्ष्मीबाई टिळकांच्या परंपरेतली म्हणतो, आणि तिथंच थांबतो. 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्र आहे, मी कादंबरी लिहिते. लक्ष्मीबाई नाशिक-नगरच्या, मी मिरजेची. त्यांचा काळ वेगळा, त्यांचं घर वेगळं. ही परंपरा कसली, तर आम्ही दोघी ख्रिस्ती आणि दोघी बायका. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकावर अख्ख्या समाजाचं साहित्य तोलून धरायचं आणि पुढचं काही वाचायचं नाही, ही सोय फार जणांनी करून घेतली आहे. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला मी लगेच विचारते, दुसरं काय वाचलंत? अनुपमा उजगरेंची कविता? वसईच्या सिसिलिया कार्व्हालोंचं काही? बहुतेकदा विषय बदलतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा चालेल यावर विरोध झाला, वर्तमानपत्रं भरून आली. त्या गदारोळात 'ओॲसिसच्या शोधात' किंवा 'नाही मी एकला' वाचून त्यावर मत देणारा माणूस मला दिसला नाही. पुस्तकं वाचून विरोध केला असता तर मी तो ऐकून घेतला असता.

आता घरचं सांगते. बाहेरच्यांना माहिती नसते, म्हणून ते चुकतात. आमची माणसं सगळं माहीत असून अडवतात.

माझं हस्तलिखित आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी वाचायला मागितलं. पंधरवड्यानं परत दिलं. पहिला प्रश्न, "शेवटी ती प्रार्थना करते का?" मी म्हटलं, रात्रपाळीवरून येते आणि झोपते. "मग वाचणाऱ्यानं घ्यायचं काय?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की पुस्तक छापायच्या आधीच मला तो ऐकू येतो. आमच्याकडे ख्रिस्ती कथा म्हणजे साक्ष. माणूस दारू प्यायचा, बायकोला मारायचा, मग एका रात्री त्याला प्रभू भेटला आणि सगळं सुटलं. अशा साक्षी खऱ्याही असतात. माझ्या ओळखीत आहेत. मंडळीपुढं उभं राहून अशी साक्ष देणाऱ्या माणसाचा आवाज कापतो तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण साक्ष एका माणसाची असते आणि ती त्यानं स्वतः द्यायची असते. मी माझ्या पात्राच्या वतीनं ती देऊ शकत नाही. दुकान बुडालेला नवरा तिसऱ्या दिवशी सुधारला असं मी लिहिलं, तर तासगावातला कुठलाही दुकानदार पुस्तक मिटून ठेवील.

मंडळीतल्या एका बाईंची तक्रार तर नावावरच होती. बायबलमधली रूथ विधवा झाल्यावरही सासूला सोडत नाही, तिच्यामागं परक्या मुलखात जाते, तिच्यासाठी शेतात सरवा वेचते. "आणि तुमची रूथ सासूला उलटून बोलते! नाव तरी दुसरं ठेवायचं." आमच्या घराघरांत रूथ आहेत. एस्तेर आहेत, मार्था आहेत. यातल्या कितीजणींचं सासूशी गोष्टीतल्यासारखं जमतं, हे त्या बाईंनाही ठाऊक आहे. त्यांच्याच नातीचं नाव रिबेका आहे आणि ती पुण्याला वेगळी राहते. मी ते बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण मुद्दा नातीचा नाही. मुलीला बायबलमधलं नाव ठेवलं म्हणजे तिचा स्वभावही तिथूनच आणायचा, ही सक्ती लेखकावर का?

आणि शेवटाचं म्हणाल तर आमच्या वडीलधाऱ्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय पुन्हा एकदा वाचावा. उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना येते. धाकटा घरी येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, मेजवानी होते. पण गोष्ट तिथं संपत नाही. थोरला शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, रागावतो आणि आत जायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढं काय? तो आत गेला का? येशूनं सांगितलेलं नाही. थोरला दाराबाहेर आहे आणि गोष्ट थांबली आहे. योनाचं पुस्तकही असंच संपतं, देवानं योनाला विचारलेल्या एका प्रश्नावर. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. ज्या ग्रंथात अशा गोष्टी आहेत तो ग्रंथ हातात धरून मला सांगितलं जातं की शेवट बांधून द्या. हे मी आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं. ते विचारात पडले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण लोकांना चालणार नाही." 'लोकांना' हा शब्द ज्याला त्याला सोयीचा आहे. पाळक लोकांवर ढकलतात, लोक पाळकांवर.

समितीचं प्रकरण याहून लांबलं. कादंबरीत देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, जागेच्या भाड्यावरून तिथल्या समितीत भांडण होतं आणि सेक्रेटरी हिशेबाची वही दोन महिने घरी ठेवतो. पुस्तक आल्यावर दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दोघांचंही म्हणणं, तो सेक्रेटरी आमचे काका. दोन्ही काकांना मी भेटलेलेसुद्धा नाही. "आमच्यातलं भांडण भाईर कशाला न्यायचं?" असं एक जण म्हणाला. जणू जागेचे आणि हिशेबाचे वाद फक्त आमच्याकडे होतात. सहकारी सोसायट्यांच्या, दूध संघांच्या, साखर कारखान्यांच्या या मुलखात सेक्रेटरीनं वही घरी नेली हे वाचून बाहेरचा कोण दचकणार आहे? उलट त्याला हे घर ओळखीचं वाटेल.

खरं तर किती गोष्टी इथं कोणीतरी लिहाव्यात म्हणून पडून आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. कोणी पहाटे कामाला आला, कोणी दुपारी, कोणी दिवस मावळायच्या तासभर आधी, आणि मालकानं सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. सकाळपासून राबलेले कुरकुरले. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले, पण मला तो समजला तासगाव भागात, बागेच्या छाटणीच्या दिवसांत. तिथं टोळीचा हिशेब कसा होतो, उक्तं काम कसं ठरतं, उचल कोणी घेतली आणि कोण अर्ध्यात पळालं, जतकडून आलेल्या बाईला गावातल्या बाईइतके पैसे दिले तर काय होतं, हे सगळं त्या दाखल्यात घालून बघा. मालकाची दानत आणि मजुराचा हिशेब दोन्ही खरे ठरतात, आणि गोष्ट दोघांच्या मधे अडकते. ही कादंबरी आमच्या भागातल्या माणसानं लिहायला हवी. द्राक्ष पिकवणारा आणि रविवारी तो दाखला ऐकणारा, असा समाज इथं आहे. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांची नातवंडं-पतवंडं आमच्यात आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. त्या दवाखान्यानं शिकवून तयार केलेल्या नर्सबायांनी कितीतरी घरं उभी केली. देवळात शेजारी बसणाऱ्यांनी लग्न जुळवताना जुनी जात विचारली, हेही घडलेलं आहे आणि घडतं आहे. यातलं काय लिहायचं म्हटलं की दोन्ही बाजूंनी हात वर होतात.

संपादकांचा अनुभव याच तोडीचा. जुलै संपत आला की दिवाळी अंकांचे फोन सुरू होतात. एका अंकाच्या संपादकांनी माझी कथा वाचून कळवलं, "कथा चांगली आहे, पण पात्रं ख्रिश्चन वाटत नाहीत." मी कारण विचारलं. "भाकरी-खर्डा खातात, सांगलीकडचं बोलतात. थोडं वातावरण आणा." वातावरण म्हणजे काय ते मला कळलं. हिंदी सिनेमात असतं ते. गिटार, फ्रॉक घातलेली मावशी, टेबलावर बाटली, वाक्यागणिक 'मॅन'. आमच्या सासूबाई जन्मभर नऊवारी नेसल्या. नाताळला आमच्याकडे करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात आणि केक बेकरीतून येतो. गाणी म्हणत फिरणारी मंडळी रात्री गल्लीत येते ती पेटी आणि ढोलकी घेऊन. सतारी-तंबोरे घडवणाऱ्या या गावात पेटीचा भाता फाटला तर गल्लीतच शिवून मिळतो. माणसाचं नाव जॉन असतं, आडनाव भोसले किंवा कांबळे, आणि तो एसटीत कंडक्टर असतो. रूथ भाकरीच खाते. रात्रपाळीच्या डब्यात ती भाकरी, मेथीची भाजी आणि कांदा नेते. यात वातावरण नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मिरजेच्या स्टेशनवर उतरून एक दिवस फिरावं. मी ती कथा बदलली नाही. ती त्या अंकात आली नाही. पुढं दुसऱ्या अंकात आली, आणि त्यांनी तिच्याबरोबर चर्चच्या मनोऱ्याचं आणि मेणबत्तीचं चित्र छापलं. कथेत चर्च नव्हतं.

मुद्रितशोधनात आमचा 'पाळक' नेहमी 'पालक' होतो. संपूर्ण पुस्तकात. मी फुलीनं दुरुस्त करून पाठवते, शोधक पुन्हा 'पालक' करतो, कारण त्याला माझीच चूक वाटते. एका कथेत 'पालकांनी मंडळीला आशीर्वाद दिला' असं छापून आलं आणि वाचकांना शाळेची पालकसभा वाटली. त्यात शेवटच्या मुद्रितानंतर फाइल एका फाँटमधून दुसऱ्यात गेली आणि सगळे रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले. माझ्या पुस्तकात 'प्रार्थना' बहुधा एकदाही बरोबर छापलेली नाही. 300 प्रतींची आवृत्ती, निम्मे पैसे माझे. दुरुस्ती करून पुन्हा छापा असं म्हणायची सोय राहत नाही.

लिहायला वेळ मिळतो का, हेही विचारा. मी लिहिते हे मंडळीला माहीत आहे, त्यामुळं लिहायचं प्रत्येक काम माझ्याकडे येतं. लग्नपत्रिकेचा मजकूर. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकेचं मानपत्र. देवळाच्या वर्धापनाची स्मरणिका, तीत वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव बिनचूक. कोणी वारलं की तासाभरात फोन, "बाई, जीवनवृत्तांत लिहून द्या, चारला दफन आहे." मृत्यूचं काम मी कधी नाकारलेलं नाही, नाकारणारही नाही. पण मानपत्रासाठी माझी सकाळ मागणाऱ्या माणसाला मी सांगते की अकराव्या प्रकरणात आहे, तेव्हा तो म्हणतो, "ते काय, कधीपण होतंय की." हाच माणूस पुस्तक आल्यावर प्रत फुकट मागतो. सही करून.

वाचायचं म्हटलं तरी तीच गत. सांगली-साताऱ्यात मराठी ख्रिस्ती कादंबरी विकत घ्यायला कुठं जायचं? पुस्तकांच्या दुकानात बायबल मिळतं, 'स्मृतिचित्रे' मिळतं. आमच्या अधिवेशनांत पुस्तकांचं टेबल असतं, त्यावर पत्रिका, गीतांची पुस्तकं, उपदेशाच्या पुस्तिका. कथा असलीच तर इंग्रजीवरून केलेली. आमची तरुण पोरं मोबाइलवर इंग्रजीतच वाचतात. जॅनेट ओकची 'लव्ह कम्स सॉफ्टली' 1979 ची, तिकडं कॅनडा-अमेरिकेच्या माळरानातली. बर्फ, घोडागाडी, विधुर शेतकरी, त्याची लहान मुलगी. माझी पुतणी ती वाचून रडली. वाईट नाही पुस्तक, मीही वाचलं. पण माळरानातल्या बाईसाठी रडणाऱ्या या मुलीला तिच्याच पणजीची गोष्ट कोणी लिहून दिलेली नाही. ती दुष्काळात चालत मिशनच्या दारात आलेली. पुतणी विचारते, "मराठीत असं का नाही?" मी काय सांगू? लिहिणाऱ्याला साक्ष मागतात, मेणबत्ती मागतात, मानपत्र मागतात. कादंबरी कोणी मागत नाही.

जुनं होतं तेही गेलं. 'ज्ञानोदय' 1842 पासूनचं मासिक, अहमदनगरला सुरू झालेलं. त्याचे जुने अंक आमच्याकडच्या कितीतरी घरांत ट्रंकांमधून होते, सुतळीनं बांधलेले. त्यांत गोष्टी होत्या, पत्रं होती, गावोगावच्या बातम्या होत्या. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, 2021 मध्ये पुन्हा आलं. नदीकाठच्या एका घरातले गठ्ठे मी पाण्यानंतर पाहिले. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. घरच्यांनी गाद्या, कपाटं, फ्रीज यांच्यासाठी पंचनामा केला. मासिकांचं कोणी लिहून घेतलं नाही, आणि घरच्यांनीही सांगितलं नाही. त्या मासिकांतल्या कथा दुसरीकडे कुठं असतील तर त्या शोधून एकत्र छापायला हव्यात, हे मी भेटेल त्याला सांगते. भिलारला 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. पाचगणीपासून जवळ, घराघरांत एकेका प्रकारच्या पुस्तकांचं दालन. पाहुणे स्ट्रॉबेरी खातात आणि ओसरीवर बसून वाचतात. तिथल्या कादंबरीच्या दालनात 'यमुनापर्यटन' सहज हाती लागेल असं, पुढच्या रांगेत ठेवावं, अशी माझी इच्छा आहे. तिच्याशेजारी 1857 नंतरच्या आमच्या लोकांच्या कादंबऱ्या. फार जागा लागणार नाही.

हे सगळं असूनही मी का लिहिते, असं गेल्या महिन्यात एका मुलाखतीत विचारलं. उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. ते इथं देते. पुस्तक निघाल्यावर काही दिवसांनी मिरजेतल्या एका निवृत्त सिस्टरचा फोन आला. सलाम वगैरे झाल्यावर त्या थेट म्हणाल्या, "तुमच्या रूथनं नवऱ्याला सोडायला पाहिजे होतं." मी म्हटलं, का? "पासबुक लपवायला लागतंय त्या घरात राहायचं कशाला? सातारला हॉस्टेल मिळालं असतं तिला. मेट्रननं विचारलं होतं ना सातव्या प्रकरणात?" मी म्हटलं, नवरा दारुडा नाही, वाईट नाही, नुसता बुडालेला आहे. त्या म्हणाल्या, बुडालेला माणूस धरून ठेवतो, हे मी वॉर्डात बघितलंय. मी म्हटलं, मुलाची दहावी होती. त्या म्हणाल्या, माझ्याही मुलाची होती. मग त्यांनी मला रात्रपाळीच्या रजिस्टरवरून, सासूच्या औषधांवरून, नवऱ्याच्या एका खोट्या वाक्यावरून धरलं. ते वाक्य मी पान 112 वर सहज लिहून गेले होते, त्यांनी ते पाठ केलं होतं. तासभर आम्ही भांडलो. रूथ प्रार्थना करते का, हे त्यांनी विचारलं नाही. बायबलमधल्या रूथचं नाव काढलं नाही. त्यांना रूथ मूर्ख वाटते आणि मला वाटत नाही. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "रविवारी देवळातून आल्यावर परत करते फोन. अजून सासूचं राहिलंय." मी सातवं प्रकरण पुन्हा वाचून ठेवलं आहे. हॉस्टेलला तिनं नाही का म्हटलं, याचं माझ्याकडे चांगलं उत्तर आहे.